एआय आणा, पण आधी त्याचं चावडी वाचन करा

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टात एक प्रकरण आलं होतं. बातम्यांत दोन दिवस दिसलं आणि मागे पडलं, पण सरकारी ऑफिसात एआय आणायचं म्हणणाऱ्या प्रत्येकाने ते नीट वाचावं असं मला मनापासून वाटतं. इन्कम टॅक्सच्या फेसलेस असेसमेंटमध्ये, म्हणजे अधिकारी आणि करदाता समोरासमोर न येता ऑनलाईन होणाऱ्या तपासणीत, एका कंपनीने साधारण ३ कोटींचं उत्पन्न दाखवलं होतं, ऑर्डरमध्ये ते जवळजवळ २८ कोटी धरलं गेलं, आणि त्या ऑर्डरला आधार म्हणून जे जुने निकाल दिले होते ते निकाल अस्तित्वातच नव्हते! हायकोर्टाने ऑर्डर रद्द केली, प्रकरण परत पाठवलं आणि सांगितलं की एआयच्या जमान्यात सिस्टीमने जे पुढे टाकलं त्यावर भिस्त ठेवायचा कल वाढलाय, पण अर्धन्यायिक काम करणाऱ्याने, म्हणजे कोर्टासारखा निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने, ते तपासून बघितल्याशिवाय वापरू नये.

चॅटबॉट खोटे निकाल बनवतो हे आता सगळ्यांना माहिती आहे. मला त्याहून मोठी गोष्ट ही वाटते की ऑर्डर बाहेर पडेपर्यंत ते निकाल कुणी उघडून बघितले नाहीत. म्हणजे यंत्र चुकलं तर ती चूक पकडायला ऑफिसात जी जागा असायला पाहिजे ती जागाच रिकामी होती. आणि हे सगळं झालं ते एका कंपनीच्या बाबतीत, जिच्याकडे वकील होता, हायकोर्टात जायला पैसे होते. हीच गोष्ट निराधार पेन्शन घेणाऱ्या म्हातारीच्या बाबतीत झाली असती तर ती कुठे गेली असती? तहसीलच्या खिडकीपाशी, आणि तिथून "वरून रिजेक्ट झालंय" एवढं ऐकून घरी.

आपल्या राज्यात सध्या एआयचा जोर आहे. २०२४ मध्ये पोलिसांसाठी नागपुरात मार्व्हल नावाची सरकारी कंपनी काढली, २०२५ मध्ये शेतीसाठी महाॲग्री-एआय धोरण आलं आणि त्याला पहिल्या ३ वर्षांसाठी ५०० कोटी, आपले सरकारच्या सेवा व्हॉट्सॲपवर आणायचा करार झाला, आणि १५० दिवसांच्या ई-गव्हर्नन्स कार्यक्रमात ऑफिसांना मार्क द्यायच्या निकषांमध्ये एआयचा वापर हाही एक विषय. माझा याला विरोध नाही, उलट काही ठिकाणी उशीरच झालाय असं मी म्हणेन. केंद्राची इंग्रजी-हिंदी परिपत्रकं समजेल अशा मराठीत आणणं, हजारो तक्रारींमधून एकाच पुलाबद्दलच्या किंवा एकाच पाण्याच्या लाईनीबद्दलच्या तक्रारी एकत्र काढून देणं, रेकॉर्ड रूममधल्या जुन्या फायली शोधणं, बैठकीचं इतिवृत्त तयार करणं, या कामांत एआय चुकलं तर साहेब वैतागेल, फारतर काम दोनदा करावं लागेल, पण कुणाचं रेशन जाणार नाही. तिथे बिनधास्त वापरा.

माझी काळजी दुसऱ्या प्रकारच्या कामांची आहे. कोण पात्र, कोण अपात्र, कुणाचं नाव यादीतून काढायचं, कुणावर संशय घ्यायचा. आणि या कामांसाठी आपली ऑफिसं अजिबात तयार नाहीत, कारण तयारी म्हणजे काय याची आपली कल्पनाच चुकलेली आहे असं मला वाटतं.

तयारी म्हटलं की आपल्याकडे ट्रेनिंग, आणि ट्रेनिंग म्हटलं की सर्टिफिकेट. एमएससीआयटीचं काय झालं ते आठवा, सर्टिफिकेट नसेल तर सरकारी कर्मचाऱ्याची इन्क्रिमेंट अडायची म्हणून लोकांनी परीक्षा दिल्या. काहींना त्यातून खरंच कॉम्प्युटर आला हे मान्य करायलाच पाहिजे, पण कितीतरी जणांचं फक्त सर्टिफिकेट सर्व्हिस बुकला लागलं आणि टायपिंगला शेजारच्या टेबलावरचा पोरगाच लागत राहिला. आता आयगॉट कर्मयोगी या सरकारी कर्मचाऱ्यांच्या ऑनलाईन ट्रेनिंग पोर्टलवर कोर्स आहेत, त्यात एआयचेही आहेत, चांगलंच आहे, पण व्हिडिओ चालू ठेवून शेवटी चार प्रश्नांवर टिक केल्याने एखाद्या अव्वल कारकुनाला सिस्टीमचं उत्तर चुकीचं आहे हे ओळखता येईल का? मला वाटतं ट्रेनिंग असं पाहिजे की त्याच तालुक्यातली खरी प्रकरणं, नावं बदलून, समोर ठेवायची, त्यात सिस्टीमने चुकीची उत्तरं दिलेली मिसळायची आणि सांगायचं की शोधा. जो शोधेल त्याच्या हातात सहीचा अधिकार द्या. आणि नुसतं शोधून भागत नाही, साहेबांसमोर "सर, सिस्टीम चुकतेय" म्हणायची हिंमत आणि मोकळीक लागते. डॅशबोर्डवर पेंडन्सी लाल दिसत असताना एखादा नायब तहसीलदार सिस्टीमच्या विरुद्ध शेरा मारून फाईल थांबवेल का हो? आज तसं करण्याचं त्याला बक्षीस काहीच नाही आणि जाब मात्र विचारला जाणार.

२०२५ च्या जानेवारीत केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चॅटजीपीटी, डीपसीकसारखी टूल्स वापरू नका असं पत्रक काढलं. माहिती बाहेर जाईल ही भीती बरोबरच आहे. पण ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बंदी घातली तरी मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि वीस पानी अर्जाचा सारांश दोन मिनिटांत मिळतोय म्हटल्यावर लोक वापरणारच, अर्जदाराच्या आधार नंबरसकट. मग सरकारनेच स्वतःच्या ताब्यातलं, मराठी नीट येणारं साधन द्यायला पाहिजे आणि काय टाकायचं, काय टाकायचं नाही हे एका पानात साध्या मराठीत सांगायला पाहिजे. नुसत्या बंदीने चोरून वापर वाढतो आणि चोरून वापरलेल्याची नोंद कुठेच राहत नाही.

आता रेकॉर्डचं बघू, कारण खरी अडचण तिथे आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही.

आपल्याकडे एकाच बाईची तीन नावं असतात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, बँकेत इंग्रजी स्पेलिंग क्लार्कने जसं ऐकलं तसं. वडिलांचं नाव कुठे पांडुरंग तर कुठे पांडू. जन्मतारीख कित्येकांची १ जून, कारण गुरुजींनी शाळेत घालताना तीच टाकली. माणूस या गोष्टी ओळखतो, गावातला तलाठी तर चेहऱ्यावरून सांगतो की ही दोन नावं एकाच बाईची आणि हे एकच नाव दोन वेगळ्या माणसांचं. सिस्टीमला हे सगळं अक्षरांवरून जुळवावं लागतं आणि ती जुळवते अंदाजाने.

तेलंगणात नेमकं हेच झालंय. तिथे समग्र वेदिका नावाची सिस्टीम आहे, वेगवेगळ्या खात्यांचा डेटा एकत्र करून कुणाकडे गाडी आहे, घर आहे हे शोधते आणि त्यावरून पात्रता ठरते. हैदराबादच्या एका रिक्षा ओढणाऱ्या माणसाचं रेशन कार्ड रद्द झालं, कारण सिस्टीमने त्याला नावाच्या सारखेपणावरून कारचा मालक ठरवलं. तो वारला, मागे राहिलेल्या बायकोला आपल्याकडे कार नाही हे सिद्ध करत वर्षानुवर्षं ऑफिसांचे उंबरे झिजवावे लागले. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने आदेश दिला की २०१६ पासून रद्द केलेली १९ लाख कार्डं प्रत्यक्ष घरोघर जाऊन परत तपासा. १९ लाख! म्हणजे जे घरी जाऊन बघायचं काम आधी करायचं होतं ते टाळून वेळ वाचवला आणि शेवटी तेच काम कोर्टाच्या आदेशाने करावं लागलं, मधली वर्षं ज्यांचं धान्य बंद होतं त्यांची भरपाई कोण करणार. हरियाणात तर २०२२ मध्ये कागदोपत्री मेलेल्या १०२ वर्षांच्या एका आजोबांनी आपण जिवंत आहोत हे दाखवायला रोहतकमध्ये रथात बसून वाजतगाजत मिरवणूक काढली, कारण पेन्शन बंद झालं होतं.

आणि आपल्याकडे? लाडकी बहीण योजनेत जून २०२५ पासून साधारण २६ लाख जणींचे पैसे थांबवले गेले, वेगवेगळ्या खात्यांचा डेटा ताडून बघितल्यावर. अपात्र लोक होते यात शंका नाही, पुरुषांनीही पैसे घेतल्याचं उघड झालं, त्यामुळे छाननी करायलाच हवी होती. पण क्रम बघा. आधी पैसे थांबले आणि मग जिल्हाधिकारी पातळीवर परत तपासणी करून पात्र असतील त्यांचे चालू करू असं सांगितलं गेलं. मग सप्टेंबरात ई-केवायसी आली, त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि त्यावरचा ओटीपी मागितला, आणि ज्या बाईचा नवराही वारलाय आणि वडीलही नाहीत तिने कुणाचा ओटीपी टाकायचा हा प्रश्न फॉर्म बनवताना कुणाला पडलाच नाही. नोव्हेंबरात बदल केला, मुदतही वाढवली, ते बरं झालं, पण मधले दोन महिने त्या बायकांनी काय काढले असतील. ही एआयची भानगड नाही, साधा फॉर्म आणि साधी डेटाची जुळवाजुळव आहे. ज्या यंत्रणेला विधवा बाई फॉर्ममध्ये आधी दिसली नाही तिच्या हातात उद्या त्याहून कितीतरी गुंतागुंतीचं, आतून न दिसणारं साधन द्यायचंय, म्हणून मी तयारी तयारी करतोय.

यावर एक उत्तर मला नेहमी ऐकायला मिळतं आणि त्यात तथ्य आहे. लोक म्हणतात, माणसं काय कमी चुकतात? माणूस पैसे खातो, जात बघतो, ओळखीच्याची फाईल वर ठेवतो, यंत्र निदान तसं करत नाही. ज्यांनी एका दाखल्यासाठी सात फेऱ्या मारल्यात त्यांचा हा राग खराच आहे आणि त्याला उडवून लावता येत नाही. पण यंत्र जात बघत नाही हे मात्र खरं नाही. नेदरलँड्समध्ये मुलांच्या संगोपनाच्या अनुदानात फसवणूक शोधायला टॅक्स खात्याने जे मॉडेल वापरलं त्यात अर्जदार डच नागरिक आहे की नाही हा जोखमीचा एक घटक होता, हजारो आईबाप, त्यात परदेशी मूळ असलेले जास्त, फसवे ठरवले गेले, लोक कर्जात बुडाले, घरं मोडली, आणि शेवटी जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारलाच राजीनामा द्यावा लागला. माणसाचा पूर्वग्रह यंत्रात गेला की तो दिसायचा बंद होतो, आणि एक तलाठी चुकला तर त्याच्या सजातली गावं भोगतात, एक मॉडेल चुकलं तर एकाच रात्रीत सगळं राज्य भोगतं.

ऑस्ट्रेलियाचं रोबोडेट प्रकरण तर मला आपल्यासाठी फार महत्त्वाचं वाटतं. तिथे सरकारी मदत घेणाऱ्यांचं वर्षाचं उत्पन्न टॅक्स खात्याकडून घ्यायचं, त्याला २६ पंधरवड्यांनी भागायचं आणि प्रत्येक पंधरवड्यात त्या माणसाने तेवढेच कमावले असं धरून जास्तीची मदत घेतली म्हणून वसुलीची नोटीस पाठवायची, असा प्रकार २०१५ ते २०१९ चालला. आता आपल्या ऊसतोड कामगारांना हे लावून बघा. सहा महिने कारखान्यावर, उरलेले सहा महिने गावाकडे मिळेल ते काम, कधी काहीच नाही. त्यांची सरासरी काढली तर कागदावर बारा महिने कमाई दिसेल, म्हणजे भुकेचे महिने कागदावरून गायब. ऑस्ट्रेलियात हे बेकायदेशीर ठरलं, ४ लाख ७० हजार वसुल्या मागे घ्याव्या लागल्या आणि २०२३ च्या रॉयल कमिशनच्या, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाच्या, अहवालाने मंत्री आणि अधिकारी दोघांनाही झोडलं. तिथे एआयसुद्धा नव्हतं हो, भागाकार होता. पण सिद्ध करायचं ओझं सरकारवरून उचलून नागरिकावर टाकलं होतं, आणि माझ्या मते सगळ्या अशा प्रकरणांचं मूळ तिथेच आहे.

निर्णयाचं कारण सरकारनेच सांगायचं, याला आपल्याकडे कायद्याचा आधार आधीच आहे हे फार कमी लोकांना माहिती असतं. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४(१)(घ) सांगतं की प्रशासकीय किंवा अर्धन्यायिक निर्णयाची कारणं ज्याच्यावर परिणाम झालाय त्याला द्यायची. मागितली तर द्या असं नाही, आपणहून द्यायची. मग "सिस्टीमने रिजेक्ट केलं" हे कारण होतं का? अजिबात नाही. माझं म्हणणं इतकं सरळ आहे की ज्या निर्णयाचं कारण संबंधित अधिकारी चार ओळीत मराठीत लिहू शकत नाही तो निर्णय त्याने घेऊ नये, मग सिस्टीम कितीही अचूक असल्याचा दावा कंपनीने केला असू दे. यंत्राने काढलेली यादी ही चौकशीची यादी समजावी. त्या यादीत नाव आलं म्हणजे कुणीतरी घरी जाईल, विचारेल, लिहून घेईल, आणि तोपर्यंत पैसे चालू राहतील.

आणि हे टेंडरमध्येच लिहून घ्यायला लागेल. कारण सिस्टीम बाहेरच्या कंपनीची, नियम कंपनीने लिहिलेले, उद्या कुणी आरटीआय टाकला की उत्तर येणार व्यापारी गुपित आहे. करारातच अट पाहिजे की कुठल्या निकषावर नाव आलं हे खात्याला दिसेल, प्रत्येक निर्णयाची नोंद राहील, करार संपला तरी डेटा आणि नोंदी सरकारकडे राहतील, आणि दर वर्षी कंपनीशी संबंध नसलेल्या कुणाकडून तरी तपासणी होईल. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये हे काम करू शकणारे प्राध्यापक आहेत, त्यांना बोलवा ना.

अंगणवाडीताईंचा अनुभव इथे सांगितलाच पाहिजे. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते, २ जीबी रॅमचे, तापणारे, हँग होणारे, आणि पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. त्यांना आंदोलन करायला लागलं तेव्हा कुठे प्रश्न ऐकला गेला. मग १ जुलै २०२५ पासून घरी नेण्याच्या आहारासाठी चेहरा ओळखण्याची पद्धत सक्तीची झाली, गरोदर बाईचा, स्तनदा मातेचा चेहरा मॅच झाला पाहिजे, आणि परत तेच, रेंज नाही, फोन जुना, ओटीपी नवऱ्याच्या मोबाईलवर आणि नवरा कामाला मुंबईला. चेहरा जुळला नाही की बाई ताईंवर चिडते, आणि वरचे ऑफिसवाले पण ताईंनाच विचारतात टक्केवारी कमी का. ज्या माणसाच्या हातून हे सगळं राबवायचं त्यालाच ठरवताना विचारलं नाही तर दुसरं काय होणार.

आपल्याकडे हे नीट करायची पद्धत नाही असंही नाही. सातबारा कॉम्प्युटरवर आणताना हाताने लिहिलेला सातबारा आणि कॉम्प्युटरमधला यात भरपूर फरक निघाले, क्षेत्र चुकलं, नाव गळलं, बोजा राहिला. तेव्हा महसूल खात्याने २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन घेतलं. कॉम्प्युटरमधला सातबारा गावासमोर वाचून दाखवायचा, ज्याचं चुकलंय त्याने तिथेच सांगायचं, तलाठ्याने नोंद घेऊन दुरुस्ती करायची, आणि त्यानंतर मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाईन मिळायला लागला. सगळ्या चुका संपल्या नाहीत, जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ चे दुरुस्तीचे अर्ज आजही तहसीलमध्ये पडतात. तरी सिस्टीम चालू व्हायच्या आधी, ज्याची जमीन आहे त्याच्या समोर ती वाचली गेली, ही आपल्या महसूल खात्याने केलेली खरोखर मोठी गोष्ट आहे आणि तिचं श्रेय त्यांना कुणी पुरेसं देत नाही.

एआयच्या यादीचं असंच चावडी वाचन का होऊ नये? एक तालुका घ्या, सिस्टीमने अपात्र ठरवलेल्यांची यादी काढा, पैसे थांबवू नका. खाजगी माहिती चारचौघात वाचता येणार नाही, आजार, उत्पन्न असल्या गोष्टी तर नाहीच, म्हणून निकष ग्रामसभेत वाचा आणि नाव आलेल्या माणसाला घरी जाऊन किंवा ऑफिसात बोलवून त्याच्याबद्दलची नोंद वाचून दाखवा. सिस्टीम किती वेळा चुकली ते मोजा, विशेषतः विधवा, स्थलांतरित, भटके विमुक्त, आदिवासी यांच्या बाबतीत वेगळं मोजा, कारण सरासरीत हे लोक हरवतात. आकडा जाहीर करा. चुका जास्त निघाल्या तर ती सिस्टीम बंद ठेवायची तयारी पाहिजे, खरेदीवर खर्च झालाय म्हणून रेटायची नाही. याला वेळ लागेल, माणसं लागतील, आणि तालुक्याच्या ऑफिसांत पदं रिकामी आहेत हे मला माहिती आहे, म्हणूनच एआयच्या बजेटमधले पैसे सॉफ्टवेअरइतकेच या तपासणीसाठी आणि तक्रार ऐकणाऱ्या माणसासाठी बाजूला काढायला पाहिजेत.

आणि एक काम तर उद्यापासून करता येईल. नेदरलँड्सने त्या सगळ्या प्रकरणानंतर २०२२ मध्ये सरकारी अल्गोरिदमचं सार्वजनिक रजिस्टर सुरू केलं, कुठलं खातं काय वापरतं हे नागरिकाला वेबसाईटवर बघता येतं. आपण घोटाळा व्हायची वाट का बघायची? सामान्य प्रशासन विभागाने एक परिपत्रक काढावं, प्रत्येक खात्याने, जिल्हा परिषदेने, महापालिकेने, पोलिसांनीसुद्धा लिहावं की आमच्याकडे कुठली सिस्टीम आहे, ती कुणाकडून घेतली, कुठला डेटा खाते, तिच्यावरून कुठले निर्णय होतात, त्या निर्णयाखाली कुणाची सही असते, आणि माझं नाव चुकून गेलं तर मी कुठल्या अधिकाऱ्याकडे, कुठल्या फोन नंबरवर, किती दिवसांत दाद मागू शकतो. लोकसेवा हक्क कायदा २०१५ मध्ये दाखल्यांसाठी मुदती आणि अपिलाचे अधिकारी ठरवून दिलेलेच आहेत, तोच साचा इथे लावा. ज्या सिस्टीमपुढे सहीचा आणि फोन नंबरचा रकाना रिकामा राहील ती सिस्टीम तो भरेपर्यंत लोकांवर चालवू नये.